जमिनीलगतच्या गाडीचं तेल

पाचव्या पिढीची कॉर्व्हेट शेजारी उभी असली, तर तिचं छत उभ्या माणसाच्या छातीलाही नीट पोचत नाही. जमिनीपासून छतापर्यंत उंची १.२१ मीटर. दाराखालच्या पट्टीच्या तळाशी हात घालून पाहिला तर मूठ जाते, खांदा जाणं शक्य नाही. या गाडीच्या इंजिनातलं जुनं तेल ज्या बोल्टमधून बाहेर पडतं, तो बोल्ट ऑइल चेंबरला आहे, म्हणजे थेट गाडीच्या पोटाखाली. तो सोडायला पंधरा मिलिमीटरचा पाना आणि मनगटाचा थोडा जोर पुरतो. पण त्या बोल्टपर्यंत माणूस सुखरूप पोचणार कसा, आणि निघालेलं सहा लिटर काळं तेल पुढे कुठे जाणार, या दोन प्रश्नांची उत्तरं तयार असतील तरच हे काम घरी करावं. मधला भाग कुणालाही जमतो.

मी हे काम पाहिलं ते डेट्रॉइटच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात. या भागात मराठी घरं पुष्कळ. मोटार कंपन्यांत किंवा त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत नोकरी करणारे पुण्याचे, नाशिकचे, सांगली-कोल्हापूरचे अभियंते इथे पिढीभर राहत आले आहेत. माझे यजमान मूळचे सांगली जिल्ह्यातले, वडील किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात फिटर. स्वतः यजमानांची सगळी नोकरी संगणकाच्या पडद्यासमोर ब्रेकची गणितं सोडवण्यात गेली. त्यांच्या गॅरेजात २००० सालची काळी कॉर्व्हेट आहे, आणि मी येईपर्यंत तिच्या खाली त्यांच्याशिवाय दुसरं कुणी गेलेलं नव्हतं.

कॉर्व्हेट आपल्याकडे फारशी दिसत नाही, पण तिच्यावरचं शेवरोलेचं चिन्ह ओळखीचं आहे. त्याच चिन्हाची बीट तळेगावच्या कारखान्यात बनायची. २००८ मध्ये सुरू झालेल्या त्या कारखान्याचं उत्पादन २०२० च्या डिसेंबरात थांबलं. पहिली कॉर्व्हेट ३० जून १९५३ रोजी मिशिगनमधल्याच फ्लिंट गावी तयार झाली. त्या वर्षी एकूण ३०० बनल्या, सगळ्या पांढऱ्या. १९८१ पासून ती केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनमध्ये बनते. यजमानांकडची गाडी १९९७ ते २००४ या काळातल्या पिढीतली, ५.७ लिटरच्या व्ही-८ इंजिनाची.

दिवस खंडेनवमीचा होता. गॅरेजातल्या टेबलावर पाटावर लाल कापड, त्यावर पाने, पकडी, टॉर्क रेंच आणि वडिलांचा जुना मायक्रोमीटर मांडलेला. हळदकुंकू वाहिलेलं. झेंडू घरामागच्या वाफ्यातला; इथे पहिला कडक गारठा पडेपर्यंत तो टिकतो. पूजा सकाळीच झाली होती. "आज हत्यारं वापरायची नसतात असं आई म्हणायची," यजमान म्हणाले, "म्हणून तेल उद्या दसऱ्याला काढू. आज फक्त गाडी वर घेऊन ठेवू. तेच मोठं काम आहे."

तेल दसऱ्याच्या सुमारासच का, याचं उत्तर मिशिगनच्या थंडीत आहे. डेट्रॉइट शहराखाली सुमारे साडेतीनशे मीटर खोल मिठाची खाण आहे. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठच टाकतात. मीठ पडायला लागलं की अशा गाड्या झाकून ठेवतात, त्या थेट एप्रिलमध्ये बाहेर येतात. मग तेल एप्रिलमध्ये का बदलू नये, असं मी विचारलं. कारण जुनं तेल नुसतं काळं झालेलं नसतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरवाटे जातं, थोडं पिस्टनच्या कडांनी खाली झिरपतं. त्याच्याबरोबर काजळी येते, न जळलेलं इंधन येतं, आम्लं येतात. तेलातली रसायनं या आम्लांना मारत राहतात आणि मारता मारता स्वतः संपत जातात. लांबच्या प्रवासात तेल चांगलं तापतं, पाणी आणि पेट्रोल उडून जातं. पण रविवारी चार मैल जाऊन परत येणाऱ्या गाडीचं तेल तेवढं तापतच नाही. असं थकलेलं तेल बेअरिंगांवर पाच महिने बसू द्यायचं नाही, म्हणून ते गाडी झाकण्याआधीच बदलायचं.

या गाडीच्या डॅशबोर्डवर तेलाचं उरलेलं आयुष्य टक्क्यांत दिसतं. पुष्कळांना वाटतं की आत कुठलं तरी यंत्र तेल तपासत असतं. तसं काही नाही. इंजिनाचे फेरे किती झाले आणि तेल किती तापलं, यावरून संगणक अंदाज बांधतो. तेल न बदलता बटण दाबलं तरी आकडा शंभरावर जातो. म्हणून आकडा कितीही दाखवो, वर्षातून एकदा तेल बदलाच, असं कंपनीचं मॅन्युअल सांगतं. यजमान ते पाळतात. तीन हजार मैलांना तेल बदललंच पाहिजे ही जुनी समजूत मात्र त्यांना मान्य नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. या इंजिनात ५डब्ल्यू-३० दर्जाचं सिंथेटिक तेल पडतं. कॉर्व्हेटमध्ये १९९२ पासून कारखान्यातूनच सिंथेटिक भरून येतं. ते तीन हजार मैलांहून पुष्कळ जास्त टिकतं.

आता गाडी वर घेण्याचं काम. साध्या मोटारीला बाजारात मिळणारे प्लास्टिकचे रॅम्प पुढच्या चाकांसमोर ठेवतात आणि गाडी वर चढवतात. इथे ते चालत नाही. चाक रॅम्पला टेकण्याआधी गाडीचं नाकच रॅम्पवर आपटतं. नाकाखाली प्लास्टिकची एक लवचीक पट्टी जमिनीच्या दिशेने लोंबते. रस्त्यावरच्या प्रत्येक उंचवट्याला ती घासते, आणि नवख्या मालकाला ती काढून टाकावीशी वाटते. ती काढायची नसते. या गाडीला समोरून जाळीतून हवा जवळजवळ मिळतच नाही. रेडिएटरची हवा खालून येते, आणि ती वर वळवायचं काम हीच पट्टी करते. पट्टी काढली की महामार्गावर इंजिन तापतं.

म्हणून आधी फळ्या. यजमानांनी जाड, रुंद लाकडी फळ्या चारही चाकांपुढे ठेवल्या आणि गाडी अगदी हळू त्यांच्यावर घेतली. एवढ्याने गाडी चार-पाच सेंटिमीटर वर आली. ते पुरेसं नसतं, पण जॅक आत सरकायला जागा होते. साधा ट्रॉली जॅक अशा गाडीखाली शिरतच नाही. कमी उंचीचा, लांब नाकाचा घ्यावा लागतो.

जॅक शिरला तरी तो लावायचा कुठे, हा खरा प्रश्न. कॉर्व्हेटचं अंग काचतंतूच्या आणि प्लास्टिकच्या पत्र्यांचं आहे. दाराखालच्या पट्टीखाली जॅक लावला की ती तडकते. ऑइल चेंबरखाली लावला तर चेंबरच जातो. दोन्ही बाजूंना आतून पुढून मागे जाणारे पोलादी बीम आहेत. पाण्याच्या प्रचंड दाबाने आकार दिलेली ती अखंड नळी असते, आणि गाडीचा भार घ्यायला तीच बनवलेली आहे. त्या बीमला पुढच्या चाकांच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे लांबट खाचा ठेवलेल्या आहेत. गाडी कारखान्यातून ट्रकवर जाते तेव्हा साखळीचा आकडा या खाचांत अडकवतात. मालकांनी त्यांचा दुसरा उपयोग शोधला. रबराची किंवा ॲल्युमिनिअमची गोल चकती खाचेत घालून पाव फेरा फिरवायची, ती तिथेच लटकून राहते. मग जॅक चकतीला टेकतो आणि भार नेमका बीमवर जातो. ज्याला या चार खाचांची जागा माहीत नाही, त्याच्या हाती ही गाडी देऊ नये. रस्त्याकडेच्या झटपट तेल बदलून देणाऱ्या दुकानात यजमानांनी एकदाही ती नेलेली नाही, ती याच कारणाने.

यानंतर सतरा वर्षांची मुलगी आली. तिचं काम ठरलेलं.

"ठोकळे लाव गं आधी," यजमान म्हणाले.

"लावलेत, बाबा. मागच्या दोन्ही चाकांना, दोन्ही बाजूंनी."

"हँडब्रेक?"

"ओढलाय. पण मागची चाकं उचलली की त्याचा काही उपयोग नाही."

हे शेवटचं वाक्य तिच्या तोंडून ऐकून मला फार बरं वाटलं. हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. ती चाकं हवेत गेली की गाडीला जागेवर धरणारे फक्त पुढचे स्टँड उरतात. म्हणून पुढची बाजू स्टँडवर नीट बसल्यावर, आणि सगळं पुन्हा तपासूनच मागची बाजू उचलायची. गॅरेजची फरशी सपाट आणि कठीण हवी. अंगणातल्या उतारावर, खडीवर, उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर हे काम करायचं नाही.

जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. त्यातलं तेल एका रबरी कड्याच्या भरवशावर थांबलेलं असतं. कडं फाटलं की गाडी खाली. म्हणून चार पोलादी स्टँड, आणि भार स्टँडवर आल्यावरही जॅक चकतीला हलका टेकवून तसाच ठेवायचा. स्टँडवरही आंधळा विश्वास नको. २०२० साली अमेरिकेत लाखो जॅक स्टँड परत मागवले गेले, कारण त्यांच्या दात्यांत खिटी पुरेशी खोल बसत नव्हती आणि भाराखाली ते सुटू शकत होते. त्यांच्या बदली दिलेल्या स्टँडांपैकी काहींची वेल्डिंग सदोष निघाली, आणि काही महिन्यांतच तेही परत मागवावे लागले. यजमान म्हणूनच काढलेली दोन चाकं आणि लाकडाचे ओंडके गाडीच्या बीमखाली आडवे सरकवून ठेवतात. सगळं कोसळलं तरी माणसाच्या छातीएवढी जागा उरली पाहिजे.

शेवटी त्यांनी गाडीच्या कडेला दोन्ही हात लावून तिला जोरात हलवलं. मुलीने दुसऱ्या बाजूने हलवलं. स्टँड जागचे हलले नाहीत. खाली जायच्या आधी ही परीक्षा झालीच पाहिजे, आणि गाडी हलली तर स्टँड काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या सगळ्याला दुपार गेली. दुसऱ्या दिवशी तेल काढायला त्याच्या पाव वेळही लागला नाही.

दसऱ्याला सकाळी यजमानांनी इंजिन थोडं चालू केलं, तेल कोमट होईपर्यंत. कोमट तेल पातळ असतं, बरोबर गाळ घेऊन येतं. फार गरम असलं तर हात भाजतो. मग पाठीवर आडवे होऊन ते आत सरकले, आणि मीही दिवा घेऊन शेजारी.

खालून ही गाडी वेगळीच दिसते. वरून जे चकचकीत आणि निमुळतं, ते खालून सरळ, दणकट, कामाचं. इंजिन पुढे, गिअरबॉक्स पार मागे, मध्ये दोघांना जोडणारी लांब नळी. गाडीचं वजन पुढे-मागे जवळजवळ सारखं वाटलं जावं म्हणून गिअरबॉक्स मागे नेलेला. इंजिनाचा चेंबर पाहिला आणि गाडी इतकी खाली का बसते हे एकदम लक्षात आलं. या व्ही-८ मध्ये कॅमशाफ्ट डोक्यावर नसून ब्लॉकच्या मधोमध आहे, त्यामुळे इंजिन बुटकं. बुटकं इंजिन आणखी खाली बसवलं, की वजनाचा मध्य खाली येतो आणि गाडी वळणावर रस्ता धरते. पण इंजिन खाली आलं की त्याच्या तळाच्या चेंबरला खोली उरत नाही. साध्या मोटारीचा चेंबर खोल खड्ड्यासारखा असतो, इथे तो उथळ आहे.

उथळ चेंबरमध्ये तेल ठेवणं अवघड. ताट कलतं केलं की वरण एका काठाला जातं, तसं जोराच्या वळणावर तेल एका बाजूला धावतं. त्या क्षणी तेल खेचणाऱ्या नळीच्या तोंडाशी हवा आली तर बेअरिंगांना तेल मिळत नाही, आणि फार वेगाने फिरणाऱ्या क्रँकशाफ्टला काही सेकंदही पुष्कळ होतात. म्हणून या चेंबरला दोन्ही बाजूंनी पंख काढले आहेत. मालक त्याला वटवाघळाच्या पंखांचा चेंबर म्हणतात. आत आडव्या पट्ट्या घालून तेलाला बाजूला पळायला मज्जाव केला आहे. पुढच्या पिढीच्या २००६ च्या झेड-०६ मध्ये अभियंत्यांनी हा प्रश्नच मुळातून सोडवला. तेल इंजिनाखाली न ठेवता वेगळ्या उंच टाकीत ठेवलं आणि तिच्यासाठी बॅटरी मागे डिकीकडे हलवली. त्या गाडीचं तेल मोजायचं तर इंजिन गरम असताना, बंद केल्यावर काही मिनिटांतच मोजावं लागतं. थंड इंजिनात काठी चुकीचं सांगते. यजमानांच्या ओळखीच्या एकाने थंड इंजिनात काठी पाहून तेल कमी आहे असं समजून लिटरभर जास्त ओतलं होतं.

बोल्ट सोडायचं काम पाहता पाहता झालं. चेंबर ॲल्युमिनिअमचा, बोल्ट पोलादाचा. जोरात आवळला की आटे बोल्टचे जात नाहीत, चेंबरचे जातात, आणि नवा चेंबर महाग. म्हणून परत लावताना टॉर्क रेंच, २५ न्यूटन-मीटर, एवढंच. आधी हाताने तीन-चार फेरे फिरवून आटे सरळ धरले आहेत की नाही हे पाहायचं. फिल्टर काढल्यावर त्याचं रबरी कडं त्याच्याबरोबर आलं की इंजिनालाच चिकटून राहिलं, हे दिव्याच्या उजेडात बघायचं. जुन्यावर नवं कडं बसलं तर इंजिन सुरू होताच तेलाची धार लागते. नव्या कड्याला बोटाने ताजं तेल फासायचं, फिल्टर हातानेच आवळायचा. मग वरून सहा-साडेसहा क्वार्ट, म्हणजे सहा लिटरच्या आसपास तेल. नेमका आकडा त्या वर्षीच्या मॅन्युअलमध्ये पाहायचा. इंजिन सुरू करून दाबाचा काटा वर आला की नाही पाहायचं, खाली वाकून गळती पाहायची, बंद करून तेल उतरू द्यायचं आणि गाडी सपाट जमिनीवर आल्यावर काठी पाहायची.

तेल धारेने पडत असताना यजमानांनी मधूनच एका लहान बाटलीत त्याचा नमुना घेतला. धारेचा सुरुवातीचा भाग नाही, शेवटचाही नाही. तो प्रयोगशाळेत जातो. तिथे तेलातल्या धातूंचं प्रमाण मोजतात: शिसं आणि तांबं वाढलं तर बेअरिंग झिजतंय, सिलिकॉन वाढलं तर हवेच्या फिल्टरमधून धूळ आत येतेय. वडील तेलाचा थेंब दोन बोटांत चोळून कण लागतात का हे पाहायचे, असं ते सांगत होते. ते स्वतःही तसं चोळून पाहतात. प्रयोगशाळेचा कागद आला तरी बोटांची सवय त्यांनी सोडलेली नाही, आणि सोडू नये असं मलाही वाटतं.

उरला दुसरा प्रश्न. काळं तेल कुठे गेलं?

डेट्रॉइटच्या दक्षिणेला रूज नावाची नदी आहे. तिच्या काठी शतकभर मोटारी आणि पोलाद बनलं. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये या नदीवरच्या तेलाला आग लागली आणि ज्वाळा उंच उठल्या. यजमानांच्या गल्लीतल्या पावसाच्या गटाराचं पाणी याच नदीकडे जातं. गॅरेजच्या दारातून सांडलेलं तेलही गेलं असतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा इशारा असा की एका गाडीतून निघालेलं साधारण गॅलनभर तेल दहा लाख गॅलन पिण्याचं पाणी नासवू शकतं. तेच तेल गोळा केलं तर पुन्हा शुद्ध करून वंगण बनतं: गॅलनभर जुन्या तेलातून अडीच क्वार्ट नवं वंगण, जे कच्च्या तेलातून काढायला बेचाळीस गॅलन लागतात. तेल जळून जात नाही, झिजत नाही. ते घाण होतं आणि त्यातली रसायनं संपतात, एवढंच. गाळून शुद्ध करून नव्या रसायनांनिशी ते परत इंजिनात जाऊ शकतं.

मुलीने सगळं तेल नरसाळ्याने रिकाम्या डब्यांत भरलं. जुना फिल्टर रात्रभर उलटा करून निथळत ठेवला. दुसऱ्या दिवशी डबे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात नेऊन दिले. तिथे ते फुकट घेतात. ब्रेकचं तेल किंवा कूलंट त्यात मिसळलेलं नसावं, एवढीच अट.

आपल्याकडे घरी तेल बदलणारे थोडे. काम गॅरेजवाला करतो, आणि काळ्या तेलाचं काय झालं हे गाडीचा मालक विचारत नाही. पुण्यात, कोल्हापुरात, पणजीत गॅरेजांपुढची माती तेलाने काळी आणि टणक झालेली कुणीही पाहिली असेल. बरंचसं काळं ऑइल बांधकामावर शटरिंगच्या पत्र्यांना लावलं जातं, काही दाराच्या चौकटींना वाळवीसाठी फासतात, काही भट्टीत जाळतात. जाळलं की त्यातलं शिसं आणि जस्त हवेत जातं. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये धोकादायक कचऱ्याच्या नियमांत बदल करून, १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरच वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली. म्हणजे काळ्या तेलाला आता कायद्याने हिशेब आहे. पण तो हिशेब गॅरेजच्या पिंपापासून सुरू होतो, आणि त्या पिंपाकडे पाहणारा पहिला माणूस गाडीचा मालकच आहे.

दिवाळीनंतर गाडी सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा बिलावर तेलाचा दर्जा लिहून घ्या, काढलेला जुना फिल्टर बघायला मागा, आणि काळं ऑइल कोण नेतं ते नाव विचारा. नोंदणी असलेल्या पुनर्वापरकर्त्याचं नाव सांगता येत नसेल, तर ते सांगू शकणारं दुसरं गॅरेज शोधा. आणि तुम्ही स्वतः गाडीखाली जाणार असाल, तर नुसत्या जॅकच्या भरवशावर एक हातसुद्धा आत घालू नका.